मोटारीमागे निवासी ट्रेलर जोडून महामार्गावर जाण्यापूर्वी

मोटारीमागे जोडून ओढत न्यायचा, आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेला छोटा ट्रेलर आपल्याकडे अजून क्वचितच दिसतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून मात्र ठाणे आणि नवी मुंबईतील माझ्या परिचयाची काही कुटुंबे असा ट्रेलर विकत किंवा भाड्याने घेऊन कोकणात वा नाशिककडे जाण्याचा विचार करू लागली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: माझी गाडी हा ओढेल का? सपाट रस्त्यावर ओढणे बहुतेक गाड्यांना जमते. तो थांबवणे, सरळ रेषेत ठेवणे आणि घाटातून उतरवणे यांत खरी कसोटी असते, आणि तिचा निकाल पुष्कळसा गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच लागलेला असतो. ट्रेलरमध्ये किती वजन भरले आणि ते कुठे ठेवले, यावर महामार्गावरचे त्याचे वागणे अवलंबून असते, म्हणून या लेखात त्या भागाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

गाडी आणि ट्रेलर यांची जोडी

सर्वप्रथम गाडीची माहितीपुस्तिका काढून ट्रेलर ओढण्याची कमाल क्षमता पाहावी. ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी हे आकडे वेगवेगळे असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक मोटारींच्या पुस्तिकेत हा आकडा नसतो आणि काहींत तर ट्रेलर जोडू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. अशा वेळी "काही होत नाही साहेब, आरामात ओढते" या गॅरेजमधल्या आश्वासनावर विसंबू नये, आणि त्याच नावाच्या गाडीचा परदेशातला आकडाही उसना घेऊ नये, कारण तिथल्या गाडीचे इंजिन, रेडिएटर, ब्रेक आणि मागील सस्पेन्शन वेगळे असू शकते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत की नाहीत, हा दुसरा मुद्दा. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भरलेले वजन युरोपात ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त चालत नाही. आपल्याकडील घाट लक्षात घेता ही मर्यादा आपणही पाळावी, असे माझे ठाम मत आहे. ब्रेक असलेल्या ट्रेलरच्या बाबतीतही नवख्या चालकाने भरलेल्या ट्रेलरचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सल्ला तिथल्या कॅरॅव्हॅन संघटना देतात. पुस्तिकेतील क्षमता याहून जास्त असली तरी पहिल्या वर्षी तरी हा सल्ला मोडू नये.

टो बार, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेली लोखंडी चौकट, गाडीच्या चासीला पक्का बोल्ट केलेला असावा. बंपरला किंवा बंपरमागच्या पत्र्याला जोडलेला हूक ट्रेलरसाठी निरुपयोगी आहे. टो बारवरचा गोळा म्हणजे बॉल, आणि त्यावर बसणारी ट्रेलरच्या पुढच्या टोकाची वाटी म्हणजे कपलर; या दोन्हींचे माप तंतोतंत जुळायला हवे. युरोपीय मापाचा बॉल ५० मिलिमीटरचा असतो आणि अमेरिकी मापाचा दोन इंची बॉल ५०.८ मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही, पण दोन इंचांसाठी बनवलेला कपलर ५० मिलिमीटरच्या बॉलवर ढिला बसतो, आणि खड्ड्यांतून जाताना तो निसटण्याचा धोका राहतो. दोन्हींवर माप कोरलेले असते, ते वाचूनच खरेदी करावी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरची नोंदणी इतर वाहनांप्रमाणेच करावी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नोंदणी क्रमांक ट्रेलरवर दिसेल असा लावावा लागतो. विकणारा "छोट्या ट्रेलरला पासिंग लागत नाही" असे म्हणाला, तर ठाणे, वाशी किंवा पनवेल यांपैकी आपल्या भागाच्या आरटीओ कार्यालयात प्रत्यक्ष चौकशी करावी. टो बार बसवल्याचे आणि ट्रेलर जोडणार असल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे.

वजन आणि वजनाची जागा

ट्रेलर चाकांवर उभा असला तरी त्याच्या वजनाचा एक हिस्सा पुढे आलेल्या दांड्यावाटे गाडीच्या बॉलवर टेकलेला असतो. हा दांड्याचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावा. युरोपीय बनावटीच्या हलक्या ट्रेलरसाठी ५ ते ७ टक्के सांगतात, अमेरिकी पद्धतीत १० ते १५ टक्के. उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा, आणि कोणत्याही परिस्थितीत टो बार व गाडी यांना सोसणाऱ्या उभ्या भाराची मर्यादा ओलांडू नये. भार फार कमी झाला तर ट्रेलर डुलू लागतो. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, तसाच मागे लादलेला ट्रेलर मोटारीचा मागचा भाग वर उचलतो, मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी करतो, आणि ताशी ७०-८० किलोमीटरच्या वेगात एखादा ट्रक शेजारून गेला की त्याला झोका द्यायला निमित्त मिळते.

भार फार जास्त झाला तर उलट होते. समजा, भरलेल्या ट्रेलरचे वजन ७३० किलो आहे आणि दांड्याचा भार ७३ किलो आहे. गाडीच्या दोन आसांमधले अंतर २.७ मीटर आणि बॉल मागच्या आसापासून १.१ मीटर मागे असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर ७३ नव्हे तर सुमारे १०३ किलो वजन वाढते आणि पुढच्या आसावरून सुमारे ३० किलो कमी होते. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमी काम करतात, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. शिवाय हे ७३ किलो गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतात, म्हणजे मागच्या सीटवर तिघे आणि डिकी भरलेली असताना त्यांना जागा उरली आहे का, हेही पाहावे लागते.

हे सगळे अंदाजाने ठरवू नये. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजाराच्या परिसरात आणि तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आसपास ट्रकांसाठीचे वजनकाटे आहेत आणि थोडे शुल्क देऊन कोणालाही तिथे वजन करून मिळते. प्रवासाला निघताना असेल तेवढे सगळे सामान, पाणी आणि माणसे घेऊन जावे. आधी एकटी गाडी काट्यावर घ्यावी, मग ट्रेलर सोडवून एकटा ट्रेलर ठेवावा. काटेवाले सहसा सहकार्य करतात; ट्रेलर सोडायचा आहे म्हटल्यावर "पुढच्या ट्रकला जाऊ द्या, मग तुम्ही निवांत करा" असे सांगतात, म्हणून गर्दीची वेळ टाळावी. मिळालेल्या पावतीवरचे आकडे गाडीच्या आणि ट्रेलरच्या पाटीवरील कमाल वजनांशी ताडून पाहावेत.

दांड्याचा भार मोजायला मात्र हा मोठा काटा फारसा उपयोगी नाही. ट्रकांचे बहुतेक काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्यांनी वजन दाखवतात. दोन वजनांची वजाबाकी करून ७३ किलो काढायला गेलो तर उत्तर ६५ ही येऊ शकते आणि ८० ही. त्यासाठी घरातला, माणसांचे वजन करण्याचा काटा पुरेसा आहे. ट्रेलर सपाट जागेवर उभा करावा, दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, काट्यावर एक जाड फळी आणि तिच्यावर कपलरच्या नेहमीच्या उंचीपर्यंत पोहोचेल असा लाकडी खांब ठेवावा, आणि दांड्याचा जॅक, म्हणजे दांड्याला आधार देणारे वर-खाली होणारे छोटे चाक, हळूहळू वर घेत कपलर त्या खांबावर टेकवावा. जॅकचे चाक जमिनीपासून पूर्ण सुटले की काट्यावर दिसणाऱ्या आकड्यातून फळी व खांब यांचे वजन वजा करावे; उरले तो दांड्याचा भार. भार काट्याच्या क्षमतेबाहेर जाईल असे वाटत असेल तर एक मजबूत तुळई घेऊन तिचे एक टोक काट्यावर आणि दुसरे त्याच उंचीच्या विटेवर टेकवावे, आणि कपलर अशा ठिकाणी टेकवावा की तिथून वीट एक फुटावर आणि काटा दोन फुटांवर राहील. काट्यावर तुळईमुळे आधीच दिसणारा आकडा वजा करून उरलेल्याला तिनाने गुणले की खरा भार मिळतो.

भार कमी निघाला तर सामान थोडे पुढे सरकवावे, जास्त निघाला तर थोडे मागे. साधारण नियम असा की जड वस्तू ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे, जमिनीलगत आणि डाव्या-उजव्या बाजूंना समान ठेवाव्यात. वरच्या कपाटांत चादरी, कपडे आणि प्लास्टिकची भांडी एवढेच असावे. मागच्या भिंतीला सायकली टांगण्याचा मोह बहुतेकांना होतो, पण ती ट्रेलरमधली वजनासाठी सर्वांत वाईट जागा आहे. आसापासून जितके दूर वजन, तितका झोका मोठा आणि तितका तो थांबायला उशीर. या कारणाने पुढे आणि मागे दोन्हीकडे जड सामान ठेवून "बॅलन्स" साधणेही चुकीचे आहे: दांड्याचा भार बरोबर दिसतो, पण एकदा डुलायला लागलेला ट्रेलर आवरत नाही.

पाण्याची टाकी या हिशेबात विसरली जाते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणून १०० लिटरची टाकी म्हणजे आणखी एक-दीड माणूस. अर्धी भरलेली टाकी ब्रेक मारताना आणि वळणावर पाणी एका बाजूला ढकलते. टाकी रिकामी तरी न्यावी किंवा पूर्ण भरून तिच्यासह वजन करावे. गॅस सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा, आणि गाडी चालू असताना त्याचा वॉल्व्ह बंदच असावा. धावत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. मूल झोपले आहे म्हणूनही नाही.

जोडणी

ट्रेलर गाडीला जोडल्यावर बाजूने पाहता त्याची फरशी जमिनीला समांतर दिसावी, फार तर पुढचे टोक किंचित खाली. टोक वर असेल तर वेगळ्या उंचीचा बॉल माउंट (बॉल ज्यावर बसतो तो भाग) बसवून घ्यावा.

कपलर बॉलवर बसला आणि कुलपाची खटकी लागली म्हणजे जोडणी पूर्ण झाली, असे समजू नये. बॉलच्या वर अर्धवट टेकलेला कपलरही कधी कधी खटकी बंद करू देतो. म्हणून खटकी लावल्यावर दांड्याचा जॅक पुन्हा खाली घ्यावा आणि ट्रेलर वर उचलण्याचा प्रयत्न करावा. कपलरबरोबर गाडीचा मागचा भागही दोन-तीन सेंटिमीटर वर उचलला गेला तर पकड पक्की आहे. कपलर एकटाच वर आला तर ती नव्हती. एका मिनिटाच्या या तपासणीला मी कधीही सूट देत नाही आणि दुसऱ्या कोणी जोडून दिलेल्या ट्रेलरवर ती अधिकच आवर्जून करतो.

सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या त्या सैल असाव्यात, पण रस्त्याला घासू नयेत. ट्रेलर तुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार साखळीला न अडकवता गाडीवर स्वतंत्र जागी अडकवावी. त्यानंतर दांड्याचे छोटे चाक पूर्ण वर घेऊन आवळावे, ट्रेलरचा हँडब्रेक सोडावा, ठोकळे काढावेत आणि दिव्यांची तपासणी करावी: टेल लॅम्प, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक लाइट. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत प्लगच्या पिना लवकर गंजतात आणि घरी लागलेला दिवा पनवेलला पोहोचेपर्यंत बंद पडतो, म्हणून प्लग कोरडा करून ठेवावा आणि पहिल्या थांब्यावर दिवे पुन्हा पाहावेत. गाडीचे आरसे ट्रेलरच्या रुंदीपलीकडचे दाखवत नसतील तर बाहेर काढता येणारे जोड आरसे लावल्याशिवाय निघू नये.

टायरमध्ये हवा थंड असताना आणि ट्रेलरच्या पाटीवरील आकड्याप्रमाणे भरावी. हवा कमी असलेला टायर गरम होऊन फुटतो, आणि ट्रेलरचा टायर फुटल्याचे चालकाला उशिरा कळते. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार अंकांवरून त्याचे वय समजते: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षभरात फार धावत नसल्याने नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र जुने झालेले असते. पाच-सहा वर्षांनंतर नक्षीकडे न पाहता टायर बदलावेत.

सराव

पहिला सराव महामार्गावर करू नये. तळोजा औद्योगिक वसाहतीतील रविवारी सकाळी मोकळा असणारा एखादा रुंद रस्ता किंवा परवानगी घेऊन एखादे मैदान त्यासाठी योग्य आहे. तिथे दोन गोष्टी शिकाव्यात.

वळताना ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने कापत जातात. म्हणून डावीकडे वळताना गाडी थोडी पुढे नेऊन मग स्टिअरिंग वळवावे, आणि डाव्या आरशात ट्रेलरचे चाक पदपथाच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते पाहत राहावे. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. ट्रेलरचे मागचे टोक ज्या दिशेला जायला हवे, त्या दिशेला हात सरकवावा. हालचाल अगदी थोडी आणि गती चालण्याहूनही कमी ठेवावी. गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन वाढू लागला तर स्टिअरिंगशी झटापट न करता पुढे येऊन सरळ व्हावे आणि पुन्हा सुरुवात करावी. मागे उभा राहून सांगणारा माणूस आरशात दिसेल अशाच जागी उभा असावा, आणि तो दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची, हे दोघांनी आधीच ठरवून घ्यावे. "येऊ द्या, येऊ द्या" असे चार जण चार बाजूंनी ओरडत असताना रिव्हर्स घेऊ नये. सांगणारा एकच असावा.

ब्रेकचाही अंदाज इथेच घ्यावा. ताशी ४० च्या वेगातून नेहमीप्रमाणे आणि मग जोरात थांबून पाहिले की ट्रेलर मागून किती ढकलतो ते कळते, आणि ट्रेलरचे ब्रेक दोन्ही चाकांवर सारखे लागतात की एका बाजूला ओढतात, हेही कळते.

महामार्गावर

पहिला प्रवास मोठा घाट नसलेल्या रस्त्याने करावा. ठाण्याहून माजिवड्यावरून भिवंडी बायपासने शहापूरपर्यंत, किंवा नवी मुंबईहून पळस्पे फाट्यावरून पेणपर्यंत जाऊन परत यावे. घोडबंदर रस्त्याचा गायमुखचा भाग अरुंद, वळणांचा आणि अवजड वाहनांनी भरलेला असल्याने नवख्याने सुरुवातीला टाळावा. द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग किंवा अटल सेतू यांवर जाण्यापूर्वी प्रवेशाजवळील प्रतिबंधित वाहनांची पाटी वाचावी आणि शंका असेल तर टोलनाक्यावर थांबून विचारावे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची आणि समृद्धीवर १२० ची मुभा आहे, पण ट्रेलर मागे असताना हे आकडे आपल्यासाठी नाहीत. कोरडा, सरळ रस्ता असतानाही ८० च्या वर जाऊ नये आणि वारा, पाऊस किंवा उतार असेल तर ६० च्या आसपास राहावे. वेग ८० वरून १०० केला की थांबवायची ऊर्जा २५ नव्हे तर ५६ टक्क्यांनी वाढते, आणि ट्रेलर डुलण्याची प्रवृत्ती तर वेगाबरोबर फारच झपाट्याने वाढते. पुढच्या वाहनापासून किमान पाच सेकंदांचे अंतर ठेवावे: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचल्यावर मोजायला सुरुवात करून आपण तिथे पाच मोजण्याआधी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. ८० च्या वेगात हे अंतर सुमारे ११० मीटर होते. एवढी जागा दिसली की कोणीतरी मध्ये घुसणारच. त्यावर न चिडता पुन्हा मागे सरकावे. ओव्हरटेक शक्यतो करूच नये, आणि केलाच तर ट्रेलरची लांबी मोजून, आरशात ट्रेलरचे मागचे टोक त्या वाहनाच्या पुरेसे पुढे गेल्याचे दिसल्यावरच डावीकडे यावे.

मोठी बस किंवा कंटेनर शेजारून पुढे जातो तेव्हा हवेचा दाब ट्रेलरला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. वाशीच्या खाडीपुलावर, ऐरोली पुलावर किंवा घोडबंदरपलीकडच्या वर्सोवा पुलावर याला आडव्या वाऱ्याची जोड मिळते. आरशात मोठे वाहन येताना दिसले की थोडा आधीच वेग कमी करावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि आपल्या लेनच्या डाव्या बाजूला थोडी जागा ठेवावी.

तरीही ट्रेलर डुलू लागला तर काय करावे, हे पाठ असावे, कारण त्या क्षणी विचाराला वेळ नसतो. अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. स्टिअरिंग सरळ, घट्ट पण न झटकता धरावे. ट्रेलरच्या प्रत्येक झोक्याला उलट वळण देऊन उत्तर देऊ नये, कारण आपले उत्तर नेहमी अर्धा क्षण उशिरा पोहोचते आणि झोका वाढवते. ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतील आणि गाडीत त्यांचा स्वतंत्र कंट्रोलर असेल तर त्याची हाताने ओढायची कळ हळूहळू दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. मागून ओढ बसली की ट्रेलर सरळ होतो. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये, कारण गाडी मंदावते आणि मागचा ट्रेलर तिला तिरके ढकलतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा सल्लाही कधी कधी ऐकू येतो. तो धोकादायक आहे. झोके थांबल्यावर तसेच पुढे न जाता सुरक्षित जागी थांबून टायर, कपलर आणि सामानाची मांडणी पाहावी, कारण एकदा डुललेला ट्रेलर त्याच मांडणीत पुन्हा डुलतो.

घाट

कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे, तो वर जाऊ लागला तर एसी बंद करून खालच्या गिअरमध्ये डावीकडून चढावे. चढण्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

उतरणे ही वेगळी गोष्ट आहे. घाट सुरू होण्यापूर्वी, सपाट रस्त्यावर असतानाच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागेल, त्याहून वरच्या गिअरमध्ये तो उतरू नये. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा एल (लो, म्हणजे खालचा गिअर) निवडावे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा आपल्या घाटांतला जुना आणि जीवघेणा प्रकार आहे. इंजिनाने वेग रोखूनही तो वाढू लागला तर ब्रेक ठामपणे दाबून दहा-पंधरा किलोमीटरने कमी करावा आणि पूर्ण सोडावा. पाय सतत हलका ब्रेकवर टेकवून ठेवला तर ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ट्रेलरला ढकल बसल्यावर आपोआप लागणारे ब्रेक असतील तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण पूर्ण उतारभर ट्रेलर गाडीला रेटत असतो आणि त्याचे ब्रेक त्या सगळ्या वेळात थोडे थोडे लागलेले राहतात. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले की घाट संपण्याची वाट न पाहता पहिल्या सुरक्षित रुंद जागी थांबावे, चाकांना ठोकळे लावावेत, मागे त्रिकोणी फलक ठेवावा आणि किमान अर्धा तास ब्रेक निवू द्यावेत. गरम ब्रेकवर पाणी ओतू नये. ब्रेक निकामी झालेले ट्रक या घाटांत मागून येतात, म्हणून थांबल्यावर माणसांनी गाडीत बसून न राहता रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तिथे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत.

पावसाळ्यात, निदान जुलै-ऑगस्टमध्ये, ट्रेलर घेऊन घाटात जाऊच नये असे मला वाटते. एका आसाच्या ट्रेलरचे चाक पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात गेले की त्याचे जवळजवळ निम्मे वजन त्या एका चाकावर आदळते, आणि टायर, रिम वा आस यांपैकी काहीतरी जाते.

थांबे आणि घरी परतल्यावर

निघाल्यापासून पहिला थांबा ३०-४० किलोमीटरच्या आत घ्यावा. पेट्रोल पंप असा निवडावा की सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येईल. खाली उतरून खटकी, साखळ्या, प्लग आणि दिवे पाहावेत, आणि ट्रेलरच्या दोन्ही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्यावी. कोमट हब ठीक आहे. एक कोमट आणि दुसरा हात टेकवता येणार नाही इतका तापलेला असेल तर बेअरिंग कोरडे आहे किंवा ब्रेक अडकला आहे, आणि तसाच पुढे गेल्यास चाकच निखळू शकते. टायर बदलला असेल किंवा ट्रेलर नवा असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्यावेत. गतिरोधकावर आणि सोसायटीच्या चढावर गाडी पार झाली म्हणून वेग वाढवू नये. ट्रेलरचे चाक अजून यायचे असते आणि तिथेच दांड्याचे छोटे चाक किंवा मागचा पाइप जमिनीला घासतो.

मुक्कामी ट्रेलर सोडताना क्रम बदलू नये: सर्वांत आधी चाकांना ठोकळे आणि ट्रेलरचा हँडब्रेक, मग दांड्याचे छोटे चाक खाली, त्यानंतर प्लग, तार आणि साखळ्या, आणि शेवटी कपलर. किंचित उतारावरही ठोकळ्यांआधी कपलर सोडला तर ट्रेलर हाताने थांबत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर हब, ब्रेक आणि दांडा गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत. बेअरिंगना वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर पहिल्या प्रवासाआधी, नवे ग्रीस भरून घ्यावे. ट्रेलर महिनोन्महिने सोसायटीच्या आवारात उभा राहणार असेल तर पाण्याची टाकी रिकामी करावी, सिलिंडर बाहेर काढून हवेशीर जागी ठेवावा, बॅटरीची तार सोडावी, टायरवर ऊन येणार नाही असे आच्छादन घालावे आणि महिन्यातून एकदा ट्रेलर चाकाच्या पाव फेऱ्याइतका पुढे सरकवावा, म्हणजे टायरचा एकच भाग सतत दाबाखाली राहत नाही.